तिसऱ्या शिट्टीचे गजभिये सर

गजभिये सर रजेचा अर्ज लिहायला बसले की त्यांच्या ऑफिसातला शिपाई चहा पिऊन यायचा, जमलं तर जेवूनही यायचा. एका दिवसाची रजा, कारण मेव्हणीचं लग्न, आणि अर्ज अडीच पानांचा. सुरुवात 'भारत हा कृषिप्रधान देश आहे' इथून. मग विदर्भ, मग नागपूर जिल्ह्याचं पर्जन्यमान, मग मेव्हणीच्या सासरची जमीन काळी की मुरमाड, आणि दुसऱ्या पानाच्या तळाशी कुठेतरी लग्नाची तारीख. साहेब वाचत वाचत त्या तारखेपर्यंत पोचले तोवर मेव्हणी सासरी नांदायला लागली होती.

आणि अशा माणसाकडे मी 'मुद्देसूद आणि थोडक्यात उत्तर कसं लिहावं' हे शिकायला जात होते! दर रविवारी, खाप्याहून एसटीनं, मांडीवर पिशवी घेऊन. हसा, हसा. मीही हसले होते.

झालं असं, की कृषी पदवी घेऊन मी कृषी आणि ग्रामविकास अधिकाऱ्याच्या परीक्षेला बसले आणि आपटले. गोल काळे करायचा पेपर मस्त गेला होता. मार खाल्ला तो वर्णनात्मक पेपरात. दोन तास, सहा प्रश्न, प्रत्येकाला वीस मिनिटं. मी दोनच प्रश्न लिहिले, पण असे लिहिले की तपासणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. आलंही असेल. मार्क मात्र आले नाहीत. तेव्हा कोणीतरी सांगितलं, नागपुरात लकडगंजात एक सर आहेत, फुकट शिकवतात, फक्त येताना मूठभर तुरीची डाळ आणायची. मला वाटलं, गुरुदक्षिणेचा काहीतरी नवस असेल.

लाकडाच्या वखारीच्या माडीवर ती खोली होती. वखारवाल्याची मुलगी सरांच्या हाताखाली पास झाली म्हणून त्यानं जागा दिलेली. रविवारी आरा मशीन बंद, म्हणून वर्ग रविवारी. बाकं म्हणजे सागवानाच्या उरलेल्या फळ्या. लिहिताना वहीवर भुसा यायचा आणि फुंकर मारून पुढची ओळ लिहावी लागायची. मी दारात उभी राहिले तर समोर आठ-नऊ जण खाली माना घालून लिहितायत, मधोमध छोट्या सिलिंडरवर कुकर चढवलेला, आणि शेजारी अर्ध्या बाह्यांच्या शर्टाच्या खिशात पाच पेन अडकवलेला एक उंच, काटकुळा माणूस कुकरकडे टक लावून बसलेला.

"डाळ आणली का वं?" त्यांनी विचारलं.

"आणली, पण..."

"मंग बस. पहिली शिट्टी होऊन राहिली. प्रश्न फळ्यावर हाय."

तर तो कुकर म्हणजे सरांचं घड्याळ. पहिली शिट्टी झाली की प्रस्तावना संपली पाहिजे. दुसरीला मुद्दे संपले पाहिजेत. तिसरी शिट्टी झाली की पेन जिथं असेल तिथून उचलायचा, शब्द अर्धा राहिला तरी राहू द्यायचा, आणि शेवटची ओळ लिहायची. त्या ओळीत तीनच गोष्टी: कोण, काय, कधी. म्हणजे 'ग्रामपंचायतीनं उन्हाळ्याआधी नाल्यातला गाळ काढावा' ही ओळ चालायची. 'सर्वांनी मिळून प्रयत्न केले पाहिजेत' असं लिहिलं की कुकर घासायचा. 'भारत हा कृषिप्रधान देश आहे' असं सुरू केलं तरी कुकर घासायचा. मी पहिले चार रविवार कुकर घासला.

"सर, तुम्ही तर स्वतःच्या अर्जात..." मी एकदा म्हटलं.

"म्हणूनच सांगून राहिलो ना बापा. ज्याचा पाय मोडला त्यालेच खड्डा माहीत असते."

वीस मिनिटांत उत्तर, मग वखारीच्या माडीवर पंगत. भात सरांच्या बायको, वंदनाकाकू, घरून डब्यात पाठवायच्या, वरण आमचं. जेवता जेवता सर एकेकाचं उत्तर मोठ्यानं वाचायचे. तोंडात घास आणि हातात आपली वही, त्यावर हळदीचं बोट. माझ्या सगळ्या वह्यांना अजून वरणाचा वास येतो.

काय एकेक वाक्य असायचं! कोणी लिहिलं, 'शेतकऱ्यांनी आता जागे व्हावे', तर सर घास खाली ठेवायचे. "शेतकरी का झोपला हाय का बे? रात्री लाइन येते तवा मोटर चालू कराले तू उठतं का?" कोणी योजनेचं नाव लिहिलं की "लाभार्थी कुठी हाय? दाखव मले. त्याचं बोरवेल कोरडं का ओलं?" आणि प्रश्न वाचायची त्यांची पद्धत उलटी. "पहिले शेपूट वाच. बैल कोणाचा हाय ते शेपटाकडून कळत नाही, पण लाथ कुठून येणार ते कळते." मग ते शेपटं समजावून सांगायचे. 'स्पष्ट करा' म्हणजे नव्या सुनेला भाकरी शिकवणं, एकही पायरी सोडायची नाही. 'चर्चा करा' म्हणजे हापशीवरच्या दोन बाया, दोघींनाही बोलू द्यायचं. आणि 'टीकात्मक परीक्षण करा' म्हणजे मुलगी पाहायला आलेली आत्याबाई. "ते पहिले पोह्याची तारीफ करते, मंग नाकावर येते. तुम्ही बेटे सीधे नाकावर जाता!"

हे सगळं सांगायला त्यांना दोन तास लागायचे. वीस मिनिटांत उत्तर कसं लिहावं ते सांगायला दोन तास! शेवटची एसटी माझ्या डोक्यात वाजायला लागायची आणि सर आपले ठिबक सिंचनावरून त्यांच्या आजोबांच्या विहिरीवर, विहिरीवरून गाळावर, गाळावरून पुन्हा ठिबकवर.

आमच्यात किशोर म्हणून एक होता. हिंगण्याला कारखान्यात पाळीवर कामाला, शनिवारची रात्रपाळी करून डोळे चोळत यायचा. हात अतिशय मंद. एका रविवारी फळ्यावर प्रश्न होता शेतकरी उत्पादक कंपन्यांवर, आणि आम्ही लिहितोय, लिहितोय, शिट्टीच होईना. मी सगळे मुद्दे लिहिले, आकृती काढली, आकृतीला बाण काढले, बाणांना सावली दिली. तरी शिट्टी नाही. सर शेवटी उठले, वाकले आणि ओरडले, "गॅस कमी कोनं केला बे?"

किशोरच्या कानाच्या पाळ्या लाल.

"काहून केला?"

"सर, माह्या तीन ओळी राहिल्या होत्या."

आम्हाला वाटलं, आता कुकर याच्या डोक्यात. पण सरांना असं हसू फुटलं की खिशातले पाचही पेन खाली पडले. हसता हसता डोळे पुसत म्हणाले, "अबे, हे मले कसं नाही सुचलं इतके वर्स!"

ते काय म्हणाले ते आम्हाला तेव्हा कळलं नाही. कळलं ते पुढच्या रविवारी, वंदनाकाकूंमुळे. भाताचा डबा त्या दिवशी त्या स्वतःच घेऊन आल्या होत्या. मी लाडात येऊन विचारलं, "काकू, सर एवढं छान शिकवतात, मग स्वतः काहून नाही देत परीक्षा? अधिकारी झाले असते कधीचे."

काकूंनी डब्याचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं. "देते ना वं. चार वेळा देल्ली."

सर कृषी खात्यात सहाय्यक होते, आणि अशा सहाय्यकांसाठी त्याच परीक्षेत काही जागा राखीव असतात. सरांनी चारदा फॉर्म भरला होता आणि चारही वेळा वर्णनात्मक पेपरात पहिल्या प्रश्नावर तास-सव्वा तास घालवला होता. उत्तर म्हणे सोन्यासारखं. बाकीचे प्रश्न कोरे. चौथ्यांदा नापास होऊन आले त्या दिवशी काकूंनी वैतागून कुकर त्यांच्यासमोर आदळला आणि म्हणाल्या, वरणाले कळते कवा थांबाव, तुम्हाले नाही कळत. तिथून हा वर्ग निघाला. कुकर त्यांनी स्वतःसाठी आणला होता, पास आम्ही होत होतो.

"यंदा शेवटची खेप हाय त्याइची," काकू म्हणाल्या. "पुढच्या साली वय बसत नाही. यंदा नाही झालं तं सहाय्यक म्हणूनच घरी."

सर भिंतीकडे तोंड करून फळा पुसत होते. पुसलेलाच फळा पुन्हा पुसत होते. मग वळून न बघताच म्हणाले, "माह्या आजाले सही येत नोती. दीक्षा घेतली त्यानं, गावात मान होता, पण कागद आला का अंगठा. त्याच्या वाटचं समदं माह्या हातात साचलं हाय वं. एकदा सुरू झालं का थांबवाव कसं ते समजत नाही."

मला रडू आलं. खोटं कशाला बोलू, चांगलं भसाभसा आलं. आणि रडता रडताच मी ठरवलं की या माणसाला पास केल्याशिवाय आपण खाप्याला तोंड दाखवायचं नाही. म्हणजे संध्याकाळी दाखवायचं, पण तेवढ्यापुरतं.

तर मग उलटा वर्ग सुरू झाला. आम्ही प्रश्न द्यायचे, सरांनी लिहायचं, किशोर गॅसवर, मी पेनवर. तिसरी शिट्टी झाली की मी त्यांच्या हातातून पेन ओढायचे. ते खिशातून दुसरा काढायचे. तो ओढला की तिसरा. पाच पेन का ठेवतात ते तेव्हा कळलं! "फक्त एक ओळ वं, आईच्यानं एकच!" आणि त्या एका ओळीत पूर्ण कोकण येऊन जायचं. एकदा तर त्यांनी कानात बोटं घालून लिहायचा प्रयत्न केला, पण दोन्ही हात कानात गेल्यावर लिहिणार कशानं? एकदा किशोर आणि मी दोघं त्यांच्याशी झटापट करत असताना कुकरकडे कोणाचंच लक्ष नव्हतं, सात शिट्ट्या झाल्या, आणि करपलेलं वरण काळं ठिक्कर. काकूंनी तेच वाढलं सगळ्यांना, मुद्दाम, दोन-दोनदा. परीक्षेपर्यंत आठ रविवार झाले. आठातून एकदाही सर वेळेत थांबले नाहीत.

परीक्षेचं केंद्र हिंगण्याला, कारखान्यांच्या मधल्या एका कॉलेजात. आमच्या वर्गातले आठ जण आणि सर, सगळे एकाच हॉलमध्ये. सर माझ्या पुढे दोन बाकं सोडून. मागून मला त्यांची मान दिसायची आणि उजवा कोपर दिसायचा, आणि पेपर हातात पडताच तो कोपर असा काही सुटला की मी कपाळाला हात लावला. कृषिप्रधान देश सुरू झाला असणार!

वीसेक मिनिटं झाली असतील. आणि शेजारच्या कारखान्यातून भोंगा झाला. भोंऽऽ. थांबला. परत भोंऽऽ. परत भोंऽऽ. तीन.

आमच्या नऊ जणांचे पेन एकदम वर गेले. एकदम! नऊच्या नऊ डोकी वर, एक श्वास, आणि मग नऊच्या नऊ खाली, शेवटची ओळ. कोण, काय, कधी. बाकीचा हॉल आपला सामान्य माणसांसारखा लिहितोय. सरांच्या कोपराकडे पाहिलं तर तो थांबला होता, हो, थांबला होता, आणि मग सरांनी पान उलटलं. दुसरा प्रश्न! मला बाकावर उभं राहून नाचावंसं वाटलं.

नंतर किशोरनं सांगितलं, त्या दिवशी तिथं आग विझवायची तालीम होती. अजून दोनदा तसेच तीन-तीन भोंगे झाले, थोड्याफार फरकानं वीस-वीस मिनिटांनी, आणि दोन्ही वेळा आम्ही नऊ जणांनी तेच केलं. पर्यवेक्षक मॅडमना वाटलं, मोठी टोळी सापडली. त्यांनी किशोरचं बाक उलटं करून पाहिलं, माझी ओढणी झटकायला लावली, आणि सरांच्या खिशातले चार पेन एकेक उघडून त्यातली कांडी तपासली. काही सापडेना. "आवाज झाला की तुम्ही सगळे वर काय बघता?" त्या म्हणाल्या. काय सांगणार, कपाळ!

तीन प्रश्न झाले. तालीम संपली. चौथा प्रश्न पाणलोट क्षेत्रावरचा, म्हणजे सरांचा जीव की प्राण. आजोबांची विहीर त्यात, गाळ त्यात. मी माझं उत्तर संपवलं, पुढचंही लिहायला घेतलं, पण डोळे सारखे त्या कोपराकडे. तो चाललाच होता. पंचवीस मिनिटं झाली. थांबा ना हो सर. आता भोंगा नाही, कुकर नाही, काकू नाहीत, मी दोन बाकं मागं हात चोळत बसलेय. माझ्या कागदावर मी चक्क 'थांबा' असं लिहून खोडलं.

आणि तेवढ्यात हॉलमध्ये शिट्टी वाजली.

बारीक होती, ओठांतून आलेली, थोडी फुस्स. मग दुसरी, जरा बरी. मग तिसरी, चांगली लांब, वाफ सुटल्यासारखी. कोपर थांबला.

"शिट्टी कोणी मारली?" मॅडम कडाडल्या. पन्नास-साठ पोरं-पोरी, सगळ्यांच्या माना खाली.

पांढऱ्या केसांचे गजभिये सर उठून उभे राहिले. "मी मारली, मॅडम."

"तुम्ही? या वयात? कोणाला मारली?"

"मलेच मारली," सर म्हणाले. इतक्या आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "वरण झालं, मॅडम."

मॅडमनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या डोक्यात काही झालं असावं असं समजून पाण्याचा ग्लास मागवला. किशोरनं बाकाखाली तोंड घातलं होतं. सर पाणी प्यायले, मॅडमना नमस्कार केला, बसले, आणि पाचवा प्रश्न सुरू केला. मग परत तीन शिट्ट्या, या वेळी अगदी हळू, आणि सहावा. सरांनी आयुष्यात पहिल्यांदा सहावा प्रश्न लिहिला! मी शेवटपर्यंत बघत होते. शेवटची ओळ लिहून त्यांनी पेनाला टोपण लावलं तेव्हा घंटा व्हायला एक मिनिट बाकी होतं.

आणि माझा सहावा प्रश्न? कोरा. अख्खा. मी त्यांचा कोपरच बघत बसले ना.

निकाल लागला. सर पास, किशोर पास, आमच्यातले अजून तिघं पास. मी चार मार्कांनी नापास. वाईट वाटलं का? वाटलं. दोन दिवस घरात कोणाशी बोलले नाही, आईनं केलेल्या झुणक्यावर राग काढला. पण तिसऱ्या दिवशी वखारीत पेढे होते आणि मी न जाणं शक्य नव्हतं. सरांनी मला पेढा दिला, मग अजून एक दिला.

त्यांना नेमणूक मिळाली ती लांब, सिरोंच्याकडे. शनिवारी सकाळी मी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेले. काकू आधीच खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर डबा. सर बसच्या दारात एक पाय वर ठेवून उभे आणि मला काहीतरी सांगत होते. काहीतरी म्हणजे सगळंच. सिरोंच्याचं पर्जन्यमान, तिथली जमीन, गोदावरीचं पाणी, तिथल्या मिरचीला काय लागतं. मला समजत होतं की यांना भलतंच काही बोलायचंय आणि ते दुसऱ्या पानाच्या तळाशी आहे.

"अवो, चढा ना आता," काकू म्हणाल्या.

"हाव, हाव. तं मी का सांगून राहिलो होतो प्रणाली, तं आपला देश कसा का कृषिप्रधान..."

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. कंडक्टर मागं जाऊन उभा राहिला आणि गाडी मागं घ्यायला त्यानं शिट्टी मारली. एक. दोन. तीन.

सरांचं वाक्य मध्येच तुटलं. तोंड उघडंच. मग त्यांनी पायाशी ठेवलेली पिशवी उचलून माझ्या हातात दिली. जड होती. आत काय आहे ते हाताला लगेच कळलं, चार रविवार घासला होता मी तो.

"तू," सर म्हणाले. "वर्ग. उद्यापासून."

आणि आत चढले. गाडी मागं सरकायला लागली. मी पिशवी छातीशी धरून तिच्याबरोबर धावले.

"सर! सर, पण मी नापास आहे!"

काकूंच्या डोक्यावरून त्यांनी खिडकीतून मुंडकं बाहेर काढलं. "मंग मी कोन होतो वं, इतके वर्स?"

गाडी वळली. पुढंही ते बरंच काही सांगत होते. गाडी दिसेनाशी होईपर्यंत तोंड चालूच होतं, काकूंनी त्यांचा शर्ट मागून ओढून धरला होता, आणि मला एकही शब्द ऐकू आला नाही. मी तिथूनच डाळ घ्यायला गेले.